घरचा होकार आणि प्रयोगशाळेचं दार

कऱ्हाडचं १९७५चं साहित्य संमेलन सातारा-सांगलीकडची जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी भर मांडवात जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावलेली. याच दुर्गाबाईंच्या धाकट्या बहिणीचं नाव विचारलं, तर मात्र वाचनालयात रोज बसणारेही अडखळतात. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई तिथं जाऊन ठाण मांडून बसल्या, तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीअपरात्रीही काम, आणि प्रयोगशाळेतल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट वाचून आज हसू येतं, पण ती एका नोबेलविजेत्यानं घातलेली अट आहे हे लक्षात घेतलं की हसू विरतं.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो आणि तिथंच चुकतो. जिद्द होतीच. पण कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही याच बंगळूरच्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेले. दार बंद झालं तेव्हा ते ठोठावता येतं, एवढी ओळख त्या घरात आधीपासून होती. आणखी मागं जाऊ. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाईंना अक्षरओळख झाली ती जोतीरावांमुळं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यामागं गोपाळरावांचा हट्ट. आपल्याकडं स्त्रीच्या हातात पाटी, सुरी किंवा परीक्षानळी आली ती बहुतेक वेळा घरातल्या एका पुरुषाच्या होकारानं. म्हणून विज्ञानातल्या स्त्रियांची यादी वाचताना ती बुद्धीची यादी समजू नये. कुणाच्या घरात होकार मिळाला, त्याची ती नोंद आहे.

यावर हमखास आक्षेप येतो की मग त्या पुरुषांचं श्रेय नाकारायचं का? मुळीच नाही. पण ज्या वाटेवर वडील किंवा नवरा भला निघण्यावर सगळं अवलंबून असतं, तिला वाट म्हणत नाहीत, नशीब म्हणतात. दुसरा आक्षेप असा की हा आपल्याच समाजाचा करंटेपणा, विलायतेत तसं नव्हतं. कमलाबाईंची कथा याच चालीवर सांगितली जाते: बंगळूरनं अडवलं, केंब्रिजनं उचलून धरलं. हे अर्धंच खरं. केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं आणि १९३९ साली आटोपशीर प्रबंधावर डॉक्टरेट मिळवली. पण तेच केंब्रिज १९४८पर्यंत स्त्रियांना नावापुरतीच पदवी देत होतं, विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व नाही. रॉयल सोसायटीनं पहिल्या दोन स्त्रियांना घेतलं ते १९४५ साली, त्यातल्या एक मार्जोरी स्टीफन्सन केंब्रिजच्याच जीवरसायनशास्त्रज्ञ. इकडं रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर काम केलेल्या अण्णा मणी यांचा प्रबंध तयार होता, पण एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं डॉक्टरेट दिली नाही. पुढं हवामान खात्याची उपकरणं देशातच तयार व्हावीत म्हणून याच बाई राबल्या. अटी सगळीकडं होत्या, रंग तेवढे वेगळे.

आता कोणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. सांगलीच्या विलिंग्डनपासून साताऱ्याच्या कॉलेजांपर्यंत विज्ञानाच्या वर्गात पुढचे बाक मुलींनीच भरलेले असतात. खरं आहे. देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांत मुली चाळीस टक्क्यांच्या वर आहेत. पण २०१८च्या सरकारी आकडेवारीत प्रत्यक्ष संशोधनाच्या कामावर असलेल्यांत स्त्रिया १६.६ टक्के, म्हणजे सहात एक. मधल्या मुली गेल्या कुठं? पीएचडीची वर्षं आणि स्थळं बघण्याची वर्षं एकच असतात, हे कोणत्याही आईला सांगायला लागत नाही. संशोधन मध्येच सोडलेल्या स्त्रियांना परत आणायला केंद्राच्या विज्ञान खात्याला २००२-०३ पासून स्वतंत्र योजना काढावी लागली, यातच सगळं आलं.

आणि ज्यांच्यापर्यंत ही वाट पोचतच नाही त्यांचं काय? तासगावकडच्या द्राक्षबागेत जीएचं, म्हणजे जिबरेलिक आम्लाचं, डिपिंग करणाऱ्या बाया बघा. मणी बाजरीएवढा की ज्वारीएवढा, हे नुसत्या नजरेनं ठरवून त्या एकेक घड द्रावणात बुडवतात. जपानी संशोधक कुरोसावांनी १९२६ साली भाताच्या रोगात ज्याचा माग काढला, तेच हे जिबरेलिन. हे विज्ञान नव्हे, मजुरी आहे, असं म्हणणारे चुकत नाहीत. नोंद, मोजमाप आणि पडताळणी झाल्याशिवाय निरीक्षणाला विज्ञान म्हणता येत नाही. पण नोंदवही बागायतदाराच्या खिशात असते. ती या बाईच्या हाती द्यायचं कुणाला सुचलेलं नाही.

तेव्हा या जूनमध्ये बीएस्सीचा निकाल घेऊन मुलगी घरी आली, की पाहुण्यांना फोन लावण्याआधी तिला एमएस्सीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला बसवा, आणि पुढचं तिचं तिला ठरवू द्या.