फियाटमध्ये डिझेल: काय खरं, काय खोटं

वडोदऱ्यातल्या नागरवाड्यासारख्या जुन्या वस्तीत ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट किंवा ॲम्बेसेडर दिसली की काही वाक्यं हमखास ऐकू येतात. पार्ट मिळत नाहीत म्हणून काम अडलंय. पंधरा वर्षं उलटली, आता भंगारातच जाणार. नाहीतर एखादं डिझेल इंजिन टाका, धावायला लागेल. या समजुतींपायी सुधारण्यासारख्या गाड्या कायमच्या जातात, म्हणून त्या तपासून पाहायला हव्यात.

पार्टांचं कारण बहुतेक वेळा खरं नसतं. मुंबईत पद्मिनीच्या, म्हणजे फियाटच्याच, टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या, ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ पर्यंत चालू होतं. या दोन गाड्यांचे इंजिनाचे आणि ब्रेकचे भाग आजही शोधले तर मिळतात. काम अडतं ते गाडी एकदम सगळी उघडल्यामुळे. काचा एका खोलीत, क्रोमच्या पट्ट्या दुसऱ्या घरी, बोल्ट कुठल्या तरी डब्यात, आणि उघडा पत्रा दोन पावसाळे भिजत राहतो. दाराखालचा आणि पायाखालचा पत्रा गंजला की खर्च इंजिनाच्या कितीतरी पुढे जातो. एक भाग उघडून, पुरा करून मगच पुढचा उघडावा. हे कंटाळवाणं आहे, पण याच पद्धतीने गाडी शेवटाला पोहोचते.

पंधरा वर्षांची गोष्टही अशीच अर्धवट पसरली आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणीत गाडी पास झाली की पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. दिल्ली परिसरातले जुन्या गाड्यांवरचे निर्बंध वेगळे आहेत. ते वडोदऱ्याच्या आरटीओला लागू नाहीत.

आता डिझेल. जुन्या गाडीत डिझेल म्हणजे तिचा अपमान, असं मानणारा एक वर्ग आहे. त्यांनी इतिहास पाहावा. ॲम्बेसेडर बनवणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सचा पहिला कारखाना १९४२ मध्ये ओखा बंदरात निघाला, म्हणजे गायकवाडांच्या बडोदे संस्थानातच. १९४८ मध्ये तो बंगालात उत्तरपाड्याला गेला. याच कंपनीने १९८०च्या सुमारास ॲम्बेसेडरमध्ये स्वतःच १४८९ सीसीचं डिझेल बसवलं. ते पेट्रोल इंजिनाच्याच घराण्यातलं, बीएमसीच्या बी मालिकेतलं होतं. पद्मिनीलाही शेवटच्या काळात कारखान्यातूनच डिझेल मिळालं. बाहेरच्या गॅरेजांत मोठ्या अमेरिकन गाड्यांना पर्किन्सची इंजिनं बसली, कुणी मॅटाडोर व्हॅनचं बसवलं. माझ्या मते त्या काळी हे शहाणपणाचंच होतं. डिझेल पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त असे, आणि पेट्रोलवर परवडेनाशी झालेली गाडी निदान भंगारात तरी गेली नाही.

पण तो हिशेब आता उरलेला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि दोन्ही इंधनांतली जुनी दरी भरत आली. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीत इंजिन बदलण्याचा खर्च त्यातून वसूल होणं अवघडच.

शिवाय इंजिन बदलणं म्हणजे चार बोल्ट काढून चार लावणं नव्हे. मॅटाडोर आणि ट्रॅक्सचं ओएम ६१६ हे मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं २.४ लिटरचं इंजिन. फियाटचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं. वजन पुढच्या चाकांवर येतं, म्हणून स्प्रिंगा, ब्रेक, स्टिअरिंग सगळ्यांचा विचार नव्याने करावा लागतो. त्या काळच्या पेट्रोल इंजिनात दाबाचं प्रमाण सात-आठास एक, डिझेलमध्ये विसाच्या आसपास. तो धक्का जुन्या माउंटिंगना आणि गिअरबॉक्सला सोसत नाही. डिझेल कमी फेऱ्यांवर चालतं, त्यामुळे मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर तेच ठेवलं तर गाडी साठच्या पुढे नुसती ओरडते. डिझेलमध्ये हवेला अडवणारी थ्रॉटलची झडप नसल्याने ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात ओढही तयार होत नाही. काँटेसासारख्या बूस्टरवाल्या गाडीत वेगळा पंप विसरला तर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट लागतं. जुनं डिझेल नुसती किल्ली फिरवून बंदही होत नाही, इंधन तोडणारी केबल लागते. अर्धवट सोडलेली कितीतरी कामं नेमकी या यादीत कुठेतरी अडकलेली असतात.

सगळ्यात घातक समजूत कागदांची: आधी बसवू, आरसी बुकात नंतर चढवू. कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. दुसऱ्या इंधनासाठीचा बदल ठरवलेल्या अटींवर, कन्व्हर्जन किटनेच होतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. म्हणून मूळ इंजिन उतरवण्यापूर्वी आरटीओत जाऊन विचारावं.

आणि जुनी म्हणजे आपोआप व्हिंटेज, हेही खरं नाही. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चॅसी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात असलेली गाडीच त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते.

१९७४ची पद्मिनी आता त्या वयाची झाली आहे. तिच्यात कुणी पूर्वी डिझेल बसवलं असेल, तर उतरवलेलं पेट्रोल इंजिन कुठे आहे ते आधी शोधा. ते सापडलं तर मूळ स्वरूपाकडे परतायची वाट उघडी राहते. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, तोंडं बंद करा, आणि त्याच्या माउंटिंगसकट, कार्बोरेटरसकट कोरड्या जागी ठेवा. इंजिन नंबर आरसीशी जुळतो का, तेही त्याच वेळी बघून घ्या.