अँड्रॉइडचा सोर्स कोड: चार गैरसमज

अँड्रॉइडचा सोर्स कोड २००८ पासून सर्वांसाठी खुला आहे. पण तो उतरवून घ्यायला बसलं की एका फाइलऐवजी शेकडो तुकडे समोर येतात आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात.

गैरसमज १: सगळा कोड एकाच झिप फाइलमध्ये मिळतो.
वस्तुस्थिती: तो शेकडो स्वतंत्र गिट रिपॉझिटरींत, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या साठ्यांत, विभागलेला आहे. कोणती रिपॉझिटरी कुठून आणायची आणि कोणत्या फोल्डरात ठेवायची, याची यादी ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या फाइलमध्ये असते. ‘रेपो’ हे साधन ती यादी वाचून सगळे तुकडे आपापल्या जागी आणून ठेवतं. गिटची जागा ते घेत नाही. आतलं काम गिटच करतं.

गैरसमज २: कोड नुसता वाचायलाही तो सगळा उतरवावा लागतो.
वस्तुस्थिती: कोड नुसता वाचायचा असेल, तर हवी ती एकच रिपॉझिटरी घेता येते. संपूर्ण सिस्टिम बिल्ड करायची असेल तर मात्र जागा लागते: गूगलच्या सूचनेनुसार कोडसाठी २५० आणि बिल्डसाठी आणखी १५० जीबी. गिट फाइलींचा जुना इतिहासही सोबत आणतं. रेपोची ‘डेप्थ’ ही सेटिंग १ ठेवली की फक्त ताजी आवृत्ती येते आणि डाउनलोड बरंच हलकं होतं.

गैरसमज ३: कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वेगळा ठेवलाय, म्हणजे काहीतरी लपवायचं आहे.
वस्तुस्थिती: कर्नलचं मॅनिफेस्ट वेगळं आहे, पण तेही खुलंच आहे. लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याखाली येतो, त्यामुळे फोन विकणाऱ्या कंपनीला त्यात वापरलेल्या कर्नलचा कोड द्यावाच लागतो. अँड्रॉइडचा बराचसा उरलेला भाग अपाची परवान्याखाली आहे. त्यात तशी सक्ती नाही. खरोखर बंद असतात ते प्ले स्टोअरसारखी गूगलची ॲप आणि हार्डवेअरचे काही ड्रायव्हर. ते या खुल्या कोडमध्ये नसतातच.

गैरसमज ४: सिस्टिम मोठी झाली की कोडचे तुकडे करावेच लागतात.
वस्तुस्थिती: मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचा सुमारे ३५ लाख फाइलींचा, ३०० जीबींचा कोड एकाच गिट रिपॉझिटरीत आणला. त्यासाठी लागेल तेव्हाच फाइल उतरवणारी खास व्यवस्था त्यांना उभारावी लागली.

तेव्हा कोडचे तुकडे किती, यावरून त्याचा खुलेपणा ठरवू नका. त्यासाठी परवाना वाचा.