दुकानाचं ॲप बनवताय? आधी बिलाचं वही-खातं समजून घ्या

पुण्यात कोर्स करून आलेले माझे जुने विद्यार्थी भेटले की हमखास विचारतात, "सर, अब्बांच्या दुकानासाठी ॲप बनवतोय. लॅरावेल घेऊ की जँगो? डेटाबेस मॉंगो चालेल?" मी काही कंप्युटरचा मास्तर नाही. पण धुळ्यात माझ्या खालूंचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, तिथे असं ॲप बनताना आणि अडकताना पाहिलंय.

ॲप त्यांच्या धाकट्या मुलानेच बनवलं होतं. जीएसटीचा २८ टक्के दर त्याने थेट कोडमध्ये लिहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्ट्सवर १८ टक्के लागू झाले, तसा त्याने तो आकडा बदलला. काही दिवसांनी एक गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये घेतलेला पार्ट परत घेऊन आलं. हातातल्या कागदावर १२८० रुपये आणि स्क्रीनवर तेच बिल ११८०! जुनी सगळी बिलं नव्या दराने मोजली जात होती. दर वेगळ्या टेबलमध्ये तारखेसह ठेवायला हवा होता, आणि प्रत्येक बिलात त्या दिवशीचा दर व रक्कम कायमची नोंदवायला हवी होती. ही चूक कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये झालीच असती.

आता डेटाबेस. एक बिल फाडलं की चार नोंदी होतात: बिल, त्यातला माल, स्टॉकमधली घट, गिऱ्हाइकाची उधारी. मधेच लाईट गेली तर चारही व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांचं हे रोजचंच काम. मॉंगोडीबीतही २०१८ पासून अनेक नोंदींचं ट्रान्झॅक्शन करता येतं, पण हिशेबाच्या कामाला एकमेकांना जोडलेली टेबलंच सोयीची पडतात. एकच काउंटर असेल तर एसक्यूलाईटही पुरतं. त्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं, एवढं लक्षात ठेवा. आणि पैसे डेसिमल प्रकारात ठेवा, फ्लोटमध्ये नको. फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेवटी बारीक शेपूट राहतं.

फ्रेमवर्क दोन्ही चांगलीच. लॅरावेल पीएचपीवर चालतं, त्यामुळे स्वस्त होस्टिंग मिळतं. जँगो पायथनवर चालतं. ते अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात तयार झालं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात नोंदी भरायचे स्क्रीन जवळपास तयारच मिळतात. माझं मत विचाराल तर, जे दुरुस्त करणारा दुसरा माणूस जळगाव-धुळ्यात मिळेल तेच घ्या. खालूंच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली, आणि ॲपला हात लावणारं गावात कुणी उरलं नाही.

खरं तर स्वतः लिहिण्याआधी ईआरपीनेक्स्ट पाहा. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, पायथन आणि मारियाडीबीवर चालतं. विक्री, स्टॉक, हिशेब सगळं त्यात आहे. छोट्या दुकानाला ते अवजड वाटेल, पण बिल आणि स्टॉकची टेबलं कशी जोडलीत हे पाहायला तरी उघडाच.

बॅकअप रोज रात्री घ्या आणि दुकानाबाहेर ठेवा. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या कंप्युटरवर उघडून एखादं जुनं बिल कागदाशी ताडून पाहा.