वाहनविमा : हप्त्याची बचत आणि ‘आयडीव्ही’

विम्याचे नूतनीकरण करताना हप्ता थोडा उतरावा म्हणून अनेक मोटारमालक ‘आयडीव्ही’, म्हणजे पॉलिसीत नोंदविलेले गाडीचे मूल्य, कमी लावून घेतात. गाडी चोरीस गेल्यावर ही काटकसर महागात पडते, कारण भरपाईचा आधार हाच आकडा असतो. उत्पादकाच्या विक्री-किमतीतून घसारा वजा करून तो ठरतो. दुसऱ्या वर्षातील गाडीला २० टक्के, तर पाचव्या वर्षातील गाडीला ५० टक्के घसारा लागतो. म्हणजे आठ लाखांची मोटार पाचव्या वर्षी विम्याच्या लेखी चार लाखांची! दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, तर संपूर्ण हानी धरली जाते.

किरकोळ अपघातात हिशेब वेगळा असतो. तेथे सुट्या भागांचा घसारा पाहिला जातो. काचेला तो लागत नाही. प्लॅस्टिक, रबर व बॅटरीला मात्र ५० टक्के. त्यामुळे ‘झिरो डेप’चे जादा संरक्षण नसेल, तर फुटलेल्या बंपरचा निम्मा भार मालकावरच पडतो.

२६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू पाहिले आणि ते निकामी झाले, तर साध्या पॉलिसीत हा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. तेव्हा किल्ली न फिरवता कंपनीला कळवावे आणि गाडी ओढून न्यावी.