ईदीतली मोटार आणि पुठ्ठ्याचा राजगड

ईदीच्या पैशांतून घेतलेली खेळण्यातली मोटार बकरी ईदपर्यंत चालली, तर घरात नवल वाटते. नाहीतर ती भंगारवाल्याच्या गोणीत जाते. भोर-वेल्ह्याच्या पालकांना आमची विनंती आहे, या सुट्टीत ती गोणी आधी मुलांपुढे रिकामी करा.

बिघाड बहुधा किरकोळ असतो. आतल्या छोट्या मोटारला दोन तारांनी थेट पेन्सिल सेल जोडून पाहावा. ती फिरली, तर दोष तारेत, बटणात किंवा सेलच्या पट्टीवर. सेल गळून तिथे पांढरट-हिरवा थर धरला असेल, तर लिंबाच्या रसाच्या कापसाने पुसून, वाळवून पॉलिश पेपर फिरवावा आणि हात धुवावेत. हरवलेल्या टायरच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबचा छल्ला बसतो. पेचकस मुलींच्या हातीही द्या. तो फक्त भावाचा नसतो.

अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांचा त्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र लगेच कलंडतो. छपराच्या कैचीत त्रिकोण का, हे मुलांना बोटांनीच कळते.

आमचा खरा जीव किल्ल्यात आहे. दिवाळीत इथे गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात, पण ते अंदाजाने. पुठ्ठ्याचा किल्ला मापाने होतो. रोज तोरणा पाहणारी आमची मुले भूगोलाच्या पेपरात समोच्च रेषांचा प्रश्न सोडून देतात, ही आम्हाला टोचणारी गोष्ट आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशात दोन रेषांत 20 मीटर उंचीचा फरक असतो. नकाशा दहापट मोठा केला की 20 मीटर म्हणजे 4 मिलिमीटर, जवळपास खोक्याच्या एका पुठ्ठ्याची जाडी. एक रेषा, एक थर. राजगडाचे वरचे 600 मीटर घेतले तर 30 थर, उंची 12 सेंटिमीटर. सुवेळा आणि संजीवनी माची बोटांसारख्या लांब निघतात. जिथे रेषा अगदी जवळ येतात, तिथे थरांच्या कडा एकावर एक येऊन कडा उभा राहतो. मग नकाशातल्या दाट रेषांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

कटर मोठ्यांनी चालवावा. पाच-पाच थर चिकटवून रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावेत. सगळे एकदम चिकटवले तर डोंगर घसरतो.