हरणांवरून भल्या माणसांचे भांडण

कालिदासाच्या ‘शाकुंतला’ची सुरुवात वाचकांना आठवत असेलच. राजा दुष्यंत रथात उभा आहे, धनुष्याला बाण लावलेला आहे, पुढे एक हरीण जीव घेऊन पळते आहे. इतक्यात एक तपस्वी आडवा येतो आणि सांगतो की हे आश्रमातले हरीण आहे, याला मारू नये. राजा निमूटपणे बाण आवरतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून, हरीण म्हटले की आपले मन त्या तपस्व्याच्या बाजूने उभे राहते.

हाच प्रवेश गेली काही वर्षे अमेरिकेच्या उपनगरांत पुन्हा पुन्हा वठतो आहे. राजाच्या जागी नगरपालिका किंवा उद्यान खाते, आश्रमाच्या जागी सार्वजनिक उद्यान, आणि तपस्व्यांच्या जागी आसपासचे नागरिक. फरक इतकाच की तेथे तपस्व्यांतच दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, हरणे मारू नका. दुसरा म्हणतो, मारली नाहीत तर आश्रमच उरणार नाही. गंमत अशी की दोन्ही तटांतली माणसे झाडापेडांवर आणि पशुपक्ष्यांवर मनापासून प्रेम करणारी आहेत. म्हणूनच हे भांडण समजून घेण्यासारखे आहे.

हरणे गावात आली कशी?

अमेरिकेच्या पूर्व भागात आढळते ते पांढऱ्या शेपटीचे हरीण. पळताना शेपटी निशाणासारखी उभारते म्हणून हे नाव. १९०० च्या सुमारास हा प्राणी संपल्यातच जमा होता. मांस आणि कातडे यांच्या व्यापारापायी बेसुमार शिकार झाली होती. साऱ्या देशात तीन ते पाच लाख हरणे उरली असावीत, असा अंदाज आहे. मग कायदे झाले, शिकारीवर बंधने आली, कित्येक राज्यांनी बाहेरून हरणे आणून रानात सोडली. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. वन्यप्राणी वाचवण्याच्या इतिहासात इतके यश फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल.

पण याच काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. हरणांना खाणारे लांडगे आणि कूगर पूर्व भागातून माणसाने जवळजवळ नाहीसे केले. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेर बंगल्यांच्या वसाहती पसरल्या. हरणाला घनदाट अरण्यापेक्षा अरण्याची कडा अधिक मानवते. थोडी झाडी, थोडे गवत, कोवळी झुडपे, आणि लपायला जवळच एखादा ओढा. उपनगर म्हणजे नेमके हेच! त्यात गृहिणींनी हौसेने लावलेले ट्यूलिप आणि गुलाब. वस्तीत बंदूक चालवायला बंदी, म्हणजे शिकाऱ्याचेही भय नाही. हरिणीचा गर्भकाळ सुमारे दोनशे दिवसांचा. खायला चांगले मिळाले तर तिला बहुधा जुळी होतात. हिशेब करायला गणिती लागत नाही.

कण्वाच्या आश्रमाभोवती अरण्य होते आणि त्या अरण्यात हिंस्र श्वापदे होती. तपस्वी हरणाला अभय देत, पण अरण्याचा तोल राखण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. उपनगरातल्या माणसाने ते काम नकळत स्वतःकडे ओढवून घेतले आहे.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

वॉशिंग्टन शहराच्या मध्यातून रॉक क्रीक नावाचा ओढा वाहतो. त्याच्या काठचे सुमारे १७५० एकरांचे वन १८९० साली अमेरिकन काँग्रेसने उद्यान म्हणून राखून ठेवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे हरीण दिसणे ही अपूर्वाई होती. २०१० च्या सुमारास मात्र दर चौरस मैलामागे साठाहून अधिक हरणे होती. वनाला झेपेल असा आकडा उद्यान खात्याने पंधरा ते वीस ठरवला होता.

हे ठरवायचे कसे? त्याची रीत अगदी साधी आहे. वनातच जमिनीचे काही तुकडे उंच जाळीचे कुंपण घालून बंद करायचे आणि त्यांच्या शेजारी तेवढेच तुकडे उघडे ठेवायचे. माती तीच, पाऊस तोच, सावली तीच. फरक केवळ हरणाच्या तोंडाचा. काही वर्षांनी पाहावे तो कुंपणाच्या आत ओक-मेपलची रोपे, रानफुले आणि झुडपे यांची दाटी, आणि बाहेर नुसता पाचोळा. हरणांची फार गर्दी झालेल्या वनात जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत पानच दिसत नाही. कात्रीने कापावी तशी एक रेघ सगळीकडे दिसते. मोठी झाडे डौलात उभी असतात, म्हणून फिरायला येणाऱ्याला वन ठाकठीक वाटते. पण त्या झाडांना वारस नसतो. आजची झाडे वठली की त्यांची जागा घ्यायला रोपच नाही. झुडपांत घरटी बांधणारे पक्षीही मुकाट्याने निघून जातात.

हरीण मेलेले डोळ्यांना दिसते. न उगवलेले झाड कोणालाच दिसत नाही. सगळ्या वादाची मेख येथे आहे.

सभा, कज्जे आणि बंदुका

रॉक क्रीकमध्ये हरणे टिपण्याचा आराखडा २०१२ साली पक्का झाला. लगेच एक प्राणिमित्र संस्था आणि आसपासचे काही रहिवासी न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे होते की उद्यान प्राण्यांना आसरा देण्यासाठी आहे. तेथे गोळ्या चालवणे म्हणजे उद्यानाच्या मूळ हेतूलाच हरताळ. मार्च २०१३ मध्ये निकाल उद्यान खात्याच्या बाजूने लागला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कामाला सुरुवात झाली. पहिल्या खेपेस वीस हरणे टिपली गेली. रात्री रस्ते बंद करायचे, ठरावीक जागी खाद्य ठेवून हरणे आणायची, आणि शिकवून तयार केलेल्या सरकारी नेमबाजांनी अंधारात दिसणाऱ्या दुर्बिणीच्या साहाय्याने ती टिपायची, अशी पद्धत. मांस गोरगरिबांना जेवण देणाऱ्या संस्थेकडे गेले.

सगळीकडे मामला असा कोर्टकचेरीच्या शिस्तीत राहिला नाही. न्यू जर्सी म्हणजे मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा मुलूख. पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांतली मुले-सुना तिकडे आहेत. त्याच राज्यातल्या प्रिन्स्टन या विद्यापीठाच्या गावात २००१ साली हरणे मारण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गावाच्या महापौरांच्या मोटारीवर हरणाची आतडी फेकण्यात आली. विद्वानांच्या गावातली ही गोष्ट! मिशिगनमधल्या ॲन आर्बर या दुसऱ्या विद्यापीठनगरात २०१५ साली हाच ठराव आला, तेव्हा महापौरांनी स्वतः विरोधी मत दिले. तरी तो बहुमताने संमत झाला आणि २०१६ च्या हिवाळ्यात ६३ हरणे टिपली गेली. संध्याकाळी उद्याने बंद होत आणि नागरिक निषेधाच्या पाट्या घेऊन उभे राहत.

या विरोधकांना ‘बॅम्बीचे भक्त’ म्हणून चिडवण्याची तिकडे पद्धत आहे. १९४२ साली डिस्नेचा ‘बॅम्बी’ हा बोलपट आला. आई गमावलेल्या त्या पाडसाने पिढ्यान्पिढ्यांच्या मुलांना रडवले. पण चिडवून मुद्दा सुटत नाही. जे हरीण तुम्ही रोज सकाळी चहा पिताना खिडकीतून पाहता, ज्याची पाडसे तुमच्या अंगणात वाढली, त्याला रात्री गोळी घातली जाणार हे ऐकून ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्यापेक्षा रडणारा बरा.

मारण्यावाचून उपाय नाही का?

हा प्रश्न कोणाही वाचकाच्या ओठांवर येईल. पहिली सूचना येते ती हरणे दूर रानात नेऊन सोडण्याची. पण पांढऱ्या शेपटीचे हरीण पकडताना इतके भेदरते की धरपकडीत आणि नंतरच्या प्रवासात पुष्कळ दगावतात. शिवाय एका रानाचा रोग दुसऱ्या रानात जाण्याची धास्ती असते.

दुसरा उपाय कुटुंबनियोजनाचा. न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत शिकारीला बंदी आहे. तेथील स्टेटन बेटावर २०१४ साली विमानातून केलेल्या मोजणीत ७६३ हरणे आढळली. पुढे २०१७ पर्यंत अंदाज दोन हजारांच्या आसपास गेला. नगरपालिकेने २०१६ पासून नरांची नसबंदी सुरू केली. चार-पाच वर्षांत साठ लाखांहून अधिक डॉलर खर्च झाले, शेकडो नरांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि संख्या सुमारे वीस टक्क्यांनी उतरली. पाडसे पुष्कळ कमी झाली, हे खरे यश. पण ज्याची नसबंदी झाली ते हरीणही रोज पाला खातेच. ते म्हातारे होऊन मरेपर्यंत वनाने वाट पाहायची. त्यातून एखादा नर सुटला, तर तो एकटाच अनेक माद्यांना पुरतो.

न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन या छोट्या गावाने २०१४ साली माद्यांना संततिप्रतिबंधक लस टोचण्याचा प्रयोग सुरू केला. त्यात प्रत्येक मादी गाठून बेशुद्ध करायची, कानाला बिल्ला लावायचा, लस द्यायची आणि पुढे पुन्हा द्यायची. बेट असेल किंवा गाव लहान असेल, तर हा मार्ग चालण्याजोगा आहे. चारी बाजूंनी उघड्या वनात मात्र नवी हरणे येतच राहतात.

दोघांच्याही पदरातले खरे-खोटे

मारणाऱ्यांच्या बाजूची सगळीच कारणे सारख्या वजनाची नाहीत. मोटारी हरणांवर आदळून होणारे अपघात खरे आहेत. अमेरिकेत त्यांचा वार्षिक अंदाज दहा लाखांच्या वर जातो, आणि त्यांत माणसेही दगावतात. लाइम रोगाचे प्रकरण मात्र नाजूक आहे. कनेटिकटमधल्या लाइम गावावरून नाव पडलेला हा आजार गोचिडीच्या चाव्याने होतो. गोचिडीला रोगाचे जंतू मिळतात ते मुख्यतः रानउंदरांकडून; हरीण मोठ्या गोचिडींना रक्त पुरवते. मेन राज्याजवळच्या मॉनहेगन बेटावरून १९९६ ते १९९९ या काळात सगळी हरणे काढून टाकली, तेव्हा गोचिडी खूप घटल्या. पण सगळी हरणे काढणे आणि थोडी कमी करणे यांत अंतर आहे. थोडी हरणे मारली की रोग हटेल, असे वचन देणारा नगरसेवक लोकांना फसवतो.

आणि ट्यूलिपसाठी हरीण मारणे? त्याला माझ्या मते काहीच समर्थन नाही. आपल्या अंगणाला जाळी लावावी, हरणाला न आवडणारी झाडे लावावीत. बागेची हौस आपली, तर तिचा खर्चही आपलाच.

पण विरोधकांचे ‘निसर्गावर सोडा’ हे म्हणणेही तितकेच कच्चे आहे. ज्या जागेतून लांडगे हाकलले, जिच्याभोवती रस्ते बांधले, ती जागा निसर्गाच्या हाती उरलीच कोठे? तेथे काही न करणे हाही एक निर्णयच असतो. त्याची किंमत रोपे, पक्षी आणि कडक हिवाळ्यात भुकेने खंगणारी हरणेच मोजतात.

आपल्याकडे गोष्ट निराळी आहे, पण फार दूरची नाही. दिल्लीच्या हौज खासमधल्या हरीण उद्यानात १९६० च्या दशकात सहा हरणे सोडली होती. ती वाढून सहाशेच्या घरात गेली. २०२३ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने उद्यानाची मान्यता रद्द केली आणि हरणे राजस्थानच्या वाघांच्या रानांत पाठवायचे ठरले. लगेच नागरिक न्यायालयात गेले. आपल्या कायद्यात बंदुकीचा प्रश्न नव्हता. तरी कोठे न्यायची, कशी न्यायची आणि वाघाच्या तोंडी देणे म्हणजे दया की क्रूरता, हा वाद तोच होता. सहाची सहाशे होईपर्यंत मोजदाद करून वेळीच हात आवरला असता, तर ही पाळीच आली नसती.

मला वाटते, बंदूक उचलण्यापूर्वी प्रत्येक गावाने तीन प्रश्नांची उत्तरे उघड सभेत द्यावीत. हरणे खरोखर मोजली आहेत का? कुंपणाच्या आत आणि बाहेर काय उगवते, ते लोकांना दाखवले आहे का? आणि हे वनासाठी चालले आहे की बागांसाठी? रॉक क्रीकच्या अधिकाऱ्यांकडे पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होती, म्हणून ते न्यायालयात टिकले. आणि हरणे कमी झाल्यावर तेथे रोपे पुन्हा वाढताना आढळली. ही उत्तरे चारचौघांत द्यायला लावण्याचे श्रेय मात्र विरोध करणाऱ्यांनाही द्यायला हवे. कोणी आडवे आले नसते, तर मोजण्याची तसदी सगळीकडेच घेतली गेली असती असे नाही.

एवढे करूनही काम एकदाचे संपत नाही. राहिलेल्या हरिणींना पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जुळी होतात आणि पुढच्या हिवाळ्यात तोच प्रश्न पुन्हा सभेपुढे येतो. लांडग्याचे काम माणसाने अंगावर घेतले, की ते दरसाल करावे लागते, आणि दरसाल त्याचा जाबही द्यावा लागतो.