फ्लॅटचा नफा कोणत्या वर्षाचा? बिल्डर आणि आयकर खात्याचा जुना वाद

मंडळी, आपल्या केळापूर तालुक्यात, म्हणजे पांढरकवड्याच्या आसपास, नागपूर-हैदराबाद हायवेच्या बाजूने लेआउट पाडायचा किंवा आठ-दहा फ्लॅटची एखादी बिल्डिंग उभी करायची, असा विचार करणारे बरेच जण भेटतात. कोणी कापसाच्या धंद्यातून येतो, कोणी सिमेंट-लोहा विकता विकता बांधकामात उतरतो. जागा कशी घ्यायची, एनए कसं करायचं, कर्ज कुठून मिळेल, हे सगळे विचारतात. पण "नफा कोणत्या वर्षी दाखवायचा?" हे मला फार कमी जणांनी विचारलंय. आणि भांडण नेमकं इथंच होतं.

दुकानात हा प्रश्न येत नाही. गिऱ्हाईक आलं, माल गेला, बिल फाडलं, विक्री झाली. बिल्डिंगला तीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी इसार येतो, दुसऱ्या वर्षी स्लॅबप्रमाणे हप्ते येतात, खरेदीखत आणि ताबा तिसऱ्या वर्षी. मग विक्री झाली कधी?

यावर दोन पद्धती आहेत. पहिली, प्रोजेक्ट पूर्ण होईपर्यंत आलेला पैसा 'ॲडव्हान्स' म्हणून आणि झालेला खर्च 'चालू काम' म्हणून ताळेबंदात ठेवायचा, आणि नफा शेवटी एकदम दाखवायचा. हिला प्रोजेक्ट कम्प्लिशन म्हणतात. दुसरी पर्सेंटेज कम्प्लिशन. काम जेवढे टक्के झालं, तेवढे टक्के नफा दरवर्षी दाखवायचा.

आकडे घेऊन बघू. समजा दहा फ्लॅट, प्रत्येकी २५ लाख, म्हणजे विक्री अडीच कोटी. जमीन ४० लाख, बांधकाम १ कोटी ६० लाख, एकूण खर्च २ कोटी. नफा ५० लाख. पहिल्या वर्षी बांधकामावर ४८ लाख गेले आणि चार फ्लॅट बुक झाले, प्रत्येकाचे दहा टक्क्यांहून जास्त पैसेही आले. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने, म्हणजे आयसीएआयने, २०१२ मध्ये बिल्डरांसाठी मार्गदर्शक टिपण काढलं. त्यातल्या अटी अशा: महत्त्वाच्या परवानग्या हातात हव्यात, जमीन सोडून बांधकामाचा किमान २५ टक्के खर्च झालेला हवा, किमान २५ टक्के क्षेत्राचे करार झालेले हवेत, आणि त्या प्रत्येक करारात किमान १० टक्के रक्कम आलेली हवी. आपल्या उदाहरणात बांधकाम ३० टक्के झालं, करार ४० टक्के क्षेत्राचे. अटी बसल्या.

आता जमीन धरून एकूण खर्च झाला ८८ लाख, म्हणजे २ कोटींच्या ४४ टक्के. चार फ्लॅटची विक्री १ कोटी, तिचे ४४ टक्के म्हणजे ४४ लाख उत्पन्न. त्या चार फ्लॅटच्या वाट्याचा खर्च ८० लाख, त्याचे ४४ टक्के ३५ लाख २० हजार. नफा ८ लाख ८० हजार. भागीदारी फर्म असेल तर ३० टक्के कर आणि ४ टक्के सेस धरून साधारण पावणेतीन लाख भरायचे. पहिल्या पद्धतीने त्याच वर्षी भरायचे शून्य.

तुम्ही म्हणाल, आज नाही तर तिसऱ्या वर्षी भरायचाच आहे ना, मग वाद कशाचा? बरोबर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयही साधारण याच वाटेने गेलंय. २००८ मध्ये बिलहारी इन्व्हेस्टमेंट्सच्या प्रकरणात (हा चिट फंडाचा मामला होता, बिल्डरचा नव्हे) न्यायालयाने असं धरलं, की खात्याने वर्षानुवर्षं मान्य केलेली पूर्णत्वाची पद्धत बदलून एकूण करात फरक पडत नसेल, तर ती बदलायला कारण नाही. त्याच वर्षी रिअलेस्ट बिल्डर्सच्या प्रकरणात आणखी स्पष्ट झालं: अधिकाऱ्याला पद्धत नाकारायची असेल तर या पद्धतीने नफा कमी दिसतो हे त्याने आकड्यांनिशी दाखवलं पाहिजे. नुसतं "दुसरी पद्धत जास्त चांगली" म्हणून चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये आदित्य बिल्डर्सच्या प्रकरणात, सातत्याने वापरलेली प्रोजेक्ट कम्प्लिशन पद्धत मान्य केली.

मग बिल्डर बिनधास्त? अजिबात नाही. निकाल हातात असणं आणि तिथपर्यंत पोहोचणं, यात फार अंतर आहे. आधी अपील आयुक्त, मग न्यायाधिकरणाचं नागपूर खंडपीठ, त्यानंतर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. तोपर्यंत मागणीची नोटीस डोक्यावर, व्याज चालू, आणि दंडाची टांगती तलवार: उत्पन्न कमी दाखवलं असं ठरलं तर कराच्या निम्मा. त्यातही वाईट म्हणजे खात्याने पहिल्या वर्षात नफा धरला आणि तुम्ही तोच तिसऱ्या वर्षी भरून बसलात, तर एकाच नफ्यावर दोनदा कर जातो, आणि तो परत मिळवायला वेगळी खटपट. लहान बिल्डरचं खेळतं भांडवल इथंच अडकतं.

माझ्या मते बरेच बिल्डर पद्धतीमुळे अडकत नाहीत, पद्धत अर्धवट पाळल्याने अडकतात. आठ फ्लॅटचा ताबा दिला, माणसं राहायला गेली, तरी "पूर्णत्वाचा दाखला बाकी आहे" म्हणून नफा शून्य. हे कुणालाही पटणार नाही. किंवा उत्पन्न शेवटी, पण खर्च मात्र दरवर्षी नफ्यातून वजा.

व्याजाचंच घ्या. लोखंडवाला कन्स्ट्रक्शनच्या २००३ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने प्रोजेक्ट कम्प्लिशन असतानाही कर्जाचं व्याज त्या-त्या वर्षी वजा करायला मान्यता दिली होती. पण पुढे सरकारने आयकरासाठी वेगळे हिशोब-मानक आणले, आयसीडीएस. त्यातलं नववं म्हणतं, ज्या मालाला विक्रीयोग्य व्हायला बारा महिने किंवा जास्त लागतात, त्याचं व्याज मालाच्या किमतीत धरा. म्हणजे जुना निकाल दाखवून आजचं व्याज वजा करायला जाल तर अडचण.

हेच आयसीडीएस दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बऱ्याच अंशी रद्द केले, तर २०१८ च्या वित्त कायद्याने कलम ४३सीबी घालून ठेकेदारांसाठी टक्केवारी पद्धत मागच्या तारखेपासून पक्की केली. ठेकेदारांसाठी, बरं का. दुसऱ्याच्या जागेवर घर बांधून देणारा तो ठेकेदार. स्वतःच्या जागेवर फ्लॅट बांधून विकणारा तो डेव्हलपर. डेव्हलपरसाठी वेगळं मानक नाही, हे प्रत्यक्ष कर मंडळानेच मार्च २०१७ च्या परिपत्रकात सांगितलंय. वादाला जागा उरली ती इथं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे आकडे बदलले, पण जुन्या वर्षांच्या केसेस जुन्याच कायद्याने चालतात.

पहिलाच प्रोजेक्ट असेल तर सीएसोबत बसून पद्धत आधी ठरवा. ती ताळेबंदाच्या टिपेत आणि ऑडिट रिपोर्टमध्ये दोन्हीकडे सारखी लिहिलेली असू द्या. प्रत्येक प्रोजेक्टचं खातं वेगळं ठेवा. महारेरात नोंदणी असेल तर ग्राहकांच्या ७० टक्के पैशांचं स्वतंत्र खातं असतं, आणि त्यातून पैसे काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए काम किती टक्के झालं त्याचे दाखले देतात. रेराला ६० टक्के, बँकेला ७० आणि आयकराला ३० असे तीन आकडे दिसले, तर उत्तर द्यायला तुमच्याकडे काही उरणार नाही.

आता जे बिल्डर नाहीत त्यांच्यासाठी. फर्निचर, फॅब्रिकेशन, पीओपी करणाऱ्यांचंही काम मार्च ओलांडून जातं. तुम्ही वैयक्तिक धंदा करता आणि टॅक्स ऑडिट लागत नसेल, तर आयसीडीएस तुम्हाला लागूच नाहीत. लागू असले तरी ९० दिवसांच्या आतलं सेवेचं काम पूर्ण झाल्यावर दाखवायची मुभा आहे. ग्राहक शेवटचे पाच टक्के अडकवून ठेवतो, ते पैसे कधी दाखवायचे, हे मात्र वेगळं प्रकरण आहे. ते पुढच्या व्हिडिओत घेऊ.